मांजराची नखे आणि आपली अमानत



मांजराला बांधून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्या अपराधाविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोन गोष्टी सांगितल्या: तिने मांजराला खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे जीवजंतू खाण्यास मोकळेही सोडले नाही. दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. अल्लाहने त्या जिवाला दिलेली क्षमताही तिने हिरावली होती.

अमेरिकेत सोफा-पडदे वाचवण्यासाठी मांजराची नखे शस्त्रक्रियेने काढण्याची प्रथा आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ‘नखे काढणे’ हा शब्दच फसवा आहे. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवते, म्हणून ते हाडच छाटले जाते. मागे राहू शकतात त्या वेदना, बिघडलेली चाल आणि नखांऐवजी दातांनी केलेला बचाव.

मालक म्हणेल, “आम्ही त्याला पोटभर खाऊ घालतो.” पण घासाच्या मोबदल्यात अवयव मागता येतो काय? जिवंत प्राण्याचे अवयव तोडणाऱ्याचा प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे. आजारामुळे करावी लागणारी शस्त्रक्रिया वेगळी. ओरखडलेला सोफा हा मांजराचा आजार नव्हे.

आपल्या घरी मांजर असेल तर सुतळी गुंडाळलेला एक खांब ठेवा, नखांची केवळ टोके कापा. एवढेही जमणार नसेल तर मांजर पाळू नका. पाळणे बंधनकारक नाही. पाळल्यावर न्यायाने वागणे मात्र बंधनकारक आहे.