चूक आणि अपराध

तीन वर्षांचें मूल 'मीं काम करलें' असें म्हणतें, तेव्हां घरांत कौतुकाचा हंशा पिकतो. तेंच मूल पुढें शाळेंत इंग्रजी 'गो' या क्रियापदाचा भूतकाळ 'गोड' असा करतें, तेव्हां तो शिक्षकांस मुळींच गोड लागत नाहीं. वास्तविक दोन्ही ठिकाणीं बुद्धीचा व्यापार एकच आहे. 'धर'चें 'धरलें', 'भर'चें 'भरलें', तर 'कर'चें 'करलें' कां नव्हे? हें रूप मुलानें घरांतल्या वडील माणसांच्या तोंडून ऐकलेलें नसतें. तें त्यानें नियमावरून स्वतः घडविलेलें असतें. मग एका चुकीस कौतुक आणि दुसरीस तांबड्या शाईची रेघ, हा न्याय कोणता?

पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञानें १९६७ सालीं एका निबंधांत या प्रश्नाचा विचार केला. थकव्यानें वा विस्मरणानें जीभ घसरते, ती चूक निराळी. आणि शिकणाऱ्याच्या मनांत त्या वेळीं जो नियम बसलेला असतो, त्यास अनुसरून होणारी चूक निराळी. ही दुसरी चूक विद्यार्थी कोठवर आला आहे तें शिक्षकास सांगते. १९७२ मध्यें लॅरी सेलिंकर यांनीं या मधल्या अवस्थेस एक स्वतंत्र भाषाच मानिलें.

यावर कोणी म्हणेल, चुका अशा गोंजारल्या तर भाषा शुद्ध राहील कशी? हा आक्षेप पोकळ नव्हे. कांहीं चुका शिकणाऱ्याच्या भाषेंत दगडासारख्या घट्ट होऊन बसतात, हें सेलिंकर यांनींच नमूद केलें आहे. तेव्हां सुधारणा हें शिक्षकाचें कर्तव्यच होय. परंतु सुधारणा आणि अवहेलना या भिन्न गोष्टी आहेत. आई 'हो का? काम केलेंस?' असें म्हणून शुद्ध रूप सहज ऐकविते. वर्गांत ज्याचें हंसें होतें, तो मुलगा दुसऱ्या दिवशीं शुद्ध बोलूं लागतोच असें नाहीं. पुष्कळदां तो बोलणेंच सोडतो. आणि जो बोलत नाहीं, त्याची चूक कोण सुधारणार?

याहून नाजूक गोष्ट पुढेंच आहे. 'पानी', 'व्हतं' असें म्हणणारें मूल चुकतच नसतें. तें आपल्या घरच्या भाषेचा नियम बिनचूक पाळीत असतें. त्यास प्रमाण भाषा अवश्य शिकवावी. ग्रंथांची आणि कचेरीची वाट तिच्यांतूनच जाते. मात्र ती त्याच्या भाषेंत भर म्हणून द्यावी, शिक्षा म्हणून देऊं नये. जो शिक्षक 'पानी' हा शब्द अशुद्ध ठरवितो, तो त्या शब्दाबरोबर त्या मुलाच्या आईसहि अशुद्ध ठरवितो. आणि तो अधिकार व्याकरणानें कोणासहि दिलेला नाहीं.