निक्षेपभूमीवरील शिळा

गेल्या माघात एक उपदेशी गृहस्थ आश्रमात आले. दंडवत प्रणाम करून म्हणाले, "बाबा, वडिलांच्या निक्षेपभूमीवर संगमरवरी ओटा बांधावा, वर त्यांचे नाव व संस्कृत श्लोक कोरावा, असे आम्हा भावंडांच्या मनात आहे. आज्ञा असावी." वडील निष्ठावंत वासनिक होते. मी तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही.

आपल्या मार्गात देहाचे दहन न करता भूमीत निक्षेप करतात, त्यामुळे हा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतो. परंतु ओटा ही आपल्याकडे केवळ बांधकामाची वस्तू नव्हे. श्रीचक्रधर स्वामी, श्रीगोविंदप्रभू जेथे बसले, निजले, राहिले, त्या स्थानाची ती खूण होय. स्थानपोथीत गावोगावची अशी स्थाने दिशांसह नोंदलेली आहेत. तेथे आपला नमस्कार दगडाला नसतो, परमेश्वरसंबंधाला असतो. जीव कितीही साधनवंत असला तरी जीवच. त्याच्या देहावर तसाच ओटा उभा राहिला, तर आज मुलगा भेद जाणून उभा राहील. नातू मात्र मस्तक टेकवील, आणि पणतू विडा-नारळ घेऊन येईल. अनन्यभक्तीला लागणारी कीड अशीच, प्रेमाच्या वाटेने येते.

म्हणून खूणच नको, असे आपल्यातील काही थोर मंडळी म्हणतात. ते मला पूर्णपणे पटत नाही. खूण नसली की दुसऱ्या निक्षेपाच्या वेळी तीच भूमी उकरली जाते. शिवाय ममता हा भिक्षुकाचा दोष खरा. पण पित्याची जागा ओळखता यावी असे पुत्राला वाटणे, हा दोष कसा म्हणावा?

श्रीनागदेवाचार्यांच्या आठवणी ज्यात आहेत, त्या स्मृतिस्थळाकडे या दृष्टीने पाहावे. नाव स्थळाचे, वस्तू ग्रंथ! स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी लीळा जमविल्या, त्याही माणसांच्या तोंडून. आणि श्लोकाविषयी म्हणाल, तर सामान्य स्त्रिया वंचित होतील म्हणून आचार्यांनी केशिराजबासांना संस्कृत रचनेपासून परावृत्त केले होते. ज्या पित्याला स्वतः संस्कृत येत नव्हते, त्याच्यावर ते कशाला लादावे?

मी त्यांना सांगितले: भूमीशी समतल साधी शिळा बसवा, तीवर नाव, गाव, तिथी मराठीत असू द्या. ओटा, पादुका, दिवा नको. वडील निरूपणात जे सांगत, ते वहीत लिहून काढा. ते दंडवत करून गेले, पण फारसे संतुष्ट दिसले नाहीत.

माझ्या गुरूंच्या निक्षेपावर आम्ही शिष्यांनी काहीच ठेवले नव्हते. ते वैराग्य, असे आम्ही तेव्हा म्हणत असू. वस्तुतः दगड आणावयास कोणी गेले नाही. जवळच्या बाभळीवरून जागा ओळखू येई. ती बाभूळ पडून आता बरीच वर्षे झाली. मागच्या वर्षी गेलो, तेव्हा दोन ठिकाणी उभा राहिलो आणि दोन्ही ठिकाणी मला शंकाच आली.