कोणती कांबळे?

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कारकुनानं हाक मारली, "कांबळे!" बाकावरच्या तीन बाया उठल्या. एक माझी सासू. दुसरी विशीतली, कडेवर पोर. तिसरी म्हातारी, पायाला फडकं गुंडाळलेली. कारकून हसला. म्हणाला, "सगळ्याच कांबळे का?" रांगेतले लोक हसले. मीही हसले, हे कबूल करते. हसण्यावारी गेलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

त्या दिवशी त्या तिसऱ्या बाईच्या रक्ताचा कागद माझ्या सासूच्या हातात आला आणि सासूचा तिच्या हातात गेला. दोघींचं पहिलं नावही एकच. फरक होता तो नवऱ्याच्या नावात, आणि तेवढं वाचायला कुणाला सवड नव्हती. आत्याबाईंना साखर नाही. कागदावर मात्र साखर होती, म्हणून गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन त्या खुरपायला गेल्या आणि बांधावर बसल्या त्या उठेनातच. अंगाला दरदरून घाम, हात लटलट कापत होते. शेजारणीनं गुळाचा खडा तोंडात घातला म्हणून माणूस वाचलं.

मी दवाखान्यात भांडायला गेले. कारकून म्हणाला, "बाई, तुमच्यात सगळ्याच कांबळे. आम्ही कोणकोण ध्यानात ठेवायची?"

या "तुमच्यात" शब्दावर मी बरेच दिवस विचार करते आहे. आडनाव ऐकलं की त्याच्या डोक्यात जात उभी राहते आणि जात उभी राहिली की माणूस दिसेनासा होतो. तरी तो चुकलाच होता. कांबळे ही काही एक जात नाही. महारात कांबळे आहेत, मांगात आहेत, चांभारात आहेत, ख्रिस्ती झालेल्यांतही आहेत. त्या बाकावरच्या तिघी तीन वस्त्यांतल्या होत्या. एकीचं दुसरीकडं जेवणखाण नव्हतं. पण खिडकीच्या पलीकडून बघणाऱ्याला तिघी मिळून एकच बाई.

घरी आल्यावर मी म्हणाले, "आत्याबाई, त्या दुसऱ्या बाईला शोधाय पायजे. तिच्याकडं तुमचा कागद हाय. साखर न्हाई म्हणून ती निवांत असंल."

आत्याबाई म्हणाल्या, "आगं, ती आपली कोण लागती?"

"कोणी न्हाई."

"मग?"

या "मग"चं उत्तर माझ्याकडं त्या वेळी नव्हतं. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

प्रश्न साधा आहे. जिच्याशी माझं रक्ताचं नातं नाही, भावकी नाही, पुढं सोयरीकही होणार नाही, अशा बाईचं आडनाव माझ्यासारखं आहे, एवढ्यावरून मी तिचं काही देणं लागते का?

भावकीवाले म्हणतील, आडनाव म्हणजे मूळपुरुष. ठीक आहे. पण बाईचा मूळपुरुष कोणता? बाई जन्मते ती बापाच्या आडनावात. हळद लागली की ते उंबऱ्याबाहेर ठेवते आणि नवऱ्याचं घेते. मी कांबळे झाले ती लग्नानं. आत्याबाईही तशाच. म्हणजे एका घरात राहणाऱ्या आम्ही दोघी कांबळे, पण आमच्या दोघींच्याही अंगात कांबळ्यांचं रक्त नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या कागदावर आईचं नाव बापाच्या नावाआधी लिहायचं, असं आपल्या राज्यानं ठरवलं. चांगलं झालं. आईचं नाव आलं. शेवटचं आडनाव मात्र बहुतेक घरांत बापाचंच राहिलं.

आता ज्यांची पुस्तकं आपण चळवळीत अभिमानानं वाचतो त्या दोन कांबळे बघा. फलटणच्या बेबीताई कांबळे आणि सोलापूर जिल्ह्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे. सभेत वक्ते दोघींची नावं एका दमात घेतात. पुष्कळांना त्या नात्यातल्या वाटतात. एकीच्या पुस्तकातली गोष्ट दुसरीच्या नावावर सांगणारे शिकले-सवरलेले लोक मी ऐकले आहेत. कारकुनात आणि त्यांच्यात फरक काय?

बेबीताई माहेरच्या काकडे. जन्म १९२९ चा. लहानपणीच लग्न झालं, नवराबायकोनं किराणामालाचं छोटं दुकान टाकलं. पुड्या बांधायला येणारी रद्दी त्या बसल्या बसल्या वाचत. तिथंच वहीत लिहीत आणि वही घरच्यांच्या नजरेला पडणार नाही अशी लपवून ठेवत. असं वर्षानुवर्षं चाललं. पुढं त्यांनी फलटणजवळ निंबुऱ्याला मुलांसाठी आश्रमशाळा काढली. २०१२ साली वारल्या.

शांताबाई माहेरच्या बाबर, लाडाचं नाव नाजा. जन्म १९२३ चा. १९४२ साली त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत मास्तरीण झाल्या. ज्या काळात आपल्या पोरीला शाळेच्या दारात उभं करत नव्हते त्या काळात ही बाई आत जाऊन फळ्यावर लिहीत होती. १९५२ साली पुण्याला ट्रेनिंग पुरं केलं, १९५७ पासून जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी, १९८१ ला निवृत्त. २०२३ साली गेल्या, शंभराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

एक दुकानात बसून चोरून लिहिणारी, दुसरी सरकारी नोकरीत दप्तर सांभाळणारी. दोघींची पुस्तकं १९८६ साली आली. त्यांची नावंच बघा. बेबीताईंनी म्हटलं "जिणं आमुचं". शांताबाईंनी म्हटलं "माज्या जल्माची चित्तरकथा". एक म्हणते आमुचं, दुसरी म्हणते माज्या. माझा सगळा प्रश्न या दोन शब्दांत आहे.

बेबीताईंनी समाजाचं लिहिलं. सासुरवासातून पळू बघणाऱ्या सुनेच्या पायात खोडा घालत, तेही लिहिलं, आणि तो घालणारे आपलेच लोक होते हे झाकलं नाही. पण नवऱ्याचा मार त्यांनी स्वतः सोसला होता ते पुस्तकात आलं नाही. म्हातारपणी मुलाखतीत विचारलं तेव्हा सांगितलं. बहुतेक घरांत तेच, मग माझंच काय वेगळं, असा त्यांचा विचार. मी हे वाचलं तेव्हा मला त्यांचा आदर वाटला आणि रागही आला. आदर यासाठी की बाई स्वतःला सगळ्यांत मिळवून टाकते. राग यासाठी की "सगळ्यांचं तसंच" या एका वाक्याखाली किती बायांचा मार दडपून गेला! "सगळ्यांचं तसंच" हे आपण बोलतो तेव्हा ती माया असते. कारकून बोलतो तेव्हा ती बेपर्वाई असते. पण जिचं दुखणं आहे तिच्या वाट्याला दोन्हीकडून तेच येतं. तिला वेगळं कुणी विचारत नाही.

नागपूरच्या गिरणीत राबून कामगार बायांच्या पुढारी झालेल्या राधाबाई कांबळे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहेत? मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक १९८९ साली काढलं. त्यासाठी त्या चळवळीतल्या बायांच्या घरी गेल्या, एकेकीला बसवून विचारलं. कारण "महिलाही मोठ्या संख्येनं हजर होत्या" एवढं वाक्य लिहून आपला इतिहास पुढं जात होता. मोठ्या संख्येला नाव नसतं.

काहीजण राजपत्रात छापून आडनाव बदलून घेतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. आडनाव ऐकून खोली नाकारली म्हणजे काय वाटतं ते मला माहीत आहे. पण आडनाव टाकून एकटा सुटतो. बाकावरच्या दोघी राहतात तिथंच.

मग देणं आहे की नाही? माझ्या मते आहे. ते रक्तातून येत नाही, देवाधर्मातूनही येत नाही. ते त्या खिडकीतून येतं. त्यांनी आम्हाला एकीत एक मिसळलं, म्हणून माझ्या घरातल्या बाईचा कागद तिच्या हातात आहे आणि तिचं औषध माझ्या घरात आहे. मी गप्प बसले तर ती मरेल, आणि मारणाऱ्यांत माझा वाटा असेल. हे देणं फेडायचं म्हणजे "आपण सगळ्या एकच" असं भाषण करायचं नाही. उलट ती कोण, कुठली, तिचं काय दुखतं, हे वेगळं वेगळं विचारायचं. एक होणं निराळं आणि एकसारखं समजलं जाणं निराळं. दुसऱ्यात आपला कायम तोटा झालेला आहे.

आम्ही गेलो. आत्याबाई कुरकुरत का होईना, आल्या. ओढ्यापलीकडच्या मांगवाड्यात घर सापडलं. म्हातारी वीटभट्टीवर राबलेली, नवरा कधीच गेलेला, पोरगा मुंबईला. पायाची जखम दोन महिने भरत नव्हती. कागद बघून तिला साखर नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती बिनघोर गोड चहा पीत होती. मी तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि पहिलं काय केलं, तर चुलीवर आधण ठेवलं. पाव्हण्या आल्या होत्या ना.

कप आत्याबाईंच्या हातात आला. त्या कपाकडं बघत बसल्या. मी तिकडं बघायचं टाळलं. आपल्याला पाणी वरून वाढणाऱ्यांना आपण जन्मभर शिव्या दिल्या. आता ओढ्याच्या पलीकडं आपली काय पत आहे ते मला दिसायचं नव्हतं. आत्याबाई प्याल्या. सगळा प्याल्या. वाटेत म्हणाल्या, "घरी चहाचं बोलू नगंस." आज त्यांना विचारून लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "ल्ही. आता काय व्हतंय." दोघींची नावं मात्र छापत नाही. लहान गाव आहे आणि त्या दुसरीला मी विचारलेलं नाही.

पुढच्या सोमवारी दोघींना घेऊन दवाखान्यात गेले. कारकुनानं हाक मारली, "कांबळे!" कडेवर पोर असलेली आणखी एक कुणीतरी उठली. आत्याबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "कोणची कांबळे? पुरं नाव वाचा की."

तो वैतागला. पण वाचलं.