दहावं वचन कोण वाचणार?

बसा. आज गीत नाही. मोबाइल खिशात ठेवा.

राजापेठेतल्या त्या काकूंकडे तुम्ही तरुण संघाची पोरं सांत्वनाला गेलात. तरणाताठा मुलगा गेलेला. आणि तुमच्यातला एक जण त्यांना म्हणाला, ‘आशा धरून प्रार्थना केली असती तर तो वाचला असता.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. अरे, दवाखान्याच्या पायरीवर बसून ज्या माउलीने रात्रंदिवस देवाचा धावा केला, तिच्याच पदरात लेकाच्या मरणाचा दोष टाकून आलात? वर तिच्या हातचा चहा पिऊन आलात. लाज वाटायला हवी होती.

हे बोलणं येतं कुठून, ते मला ठाऊक आहे. तुमच्या स्टेटसवर यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं अकरावं वचन असतं, भल्याचं आणि आशेचं. दहावं कोणी वाचलंय? हात वर करा. त्यात सत्तर वर्षं आहेत! यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्यांना लिहिलेलं ते पत्र. ते ऐकणाऱ्या बहुतेकांची हाडं बाबेलच्याच मातीत जाणार होती. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगत होता, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मयाने त्याला तोंडावर खोटं ठरवलं आणि बंदिवानांना कळवलं, घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. तुम्ही वचन यिर्मयाचं लावता आणि बोलता हनन्यासारखं.

32वा अध्याय तर वऱ्हाडच्या पोरांना पाठच हवा. यरुशलेमला वेढा पडलेला, यिर्मया कैदेत, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. शत्रू येऊन बसलेल्या मुलखातलं शेत! यिर्मयाने 17 शेकेल रुपं ताजव्यात तोलून दिलं, साक्षीदार घेतले, खरेदीखतावर मोहोर केली आणि आपला लेखनिक बारूख याला बजावलं, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकलं पाहिजे. पुढे लोकांनी यिर्मयाला मिसर देशात नेलं. त्या शेतात त्याने कधी पेरा केल्याची नोंद नाही. याला म्हणतात आशा.

फार जुनं वाटतं? मग केडगावच्या पंडिता रमाबाईंकडे पाहा. त्यांचे आईवडील उपासमारीने गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, आणि 1921 साली मनोरमा, एकुलती एक लेक. त्यांचा विश्वास तुमच्यापेक्षा उणा होता का? मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर चालू होतं, ते त्यांनी लेक गेल्यावरही सोडलं नाही. ते पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या.

ख्रिस्ती माणसाची आशा परीक्षेच्या निकालावर किंवा डॉक्टरांच्या रिपोर्टवर उभी नसते. वधस्तंभावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, त्यावर ती उभी आहे. उठल्यावरही हातांवरचे व्रण होतेच, थोमाला त्याने ते दाखवले. तो उठला म्हणून काकूंचा मुलगाही कायमचा हरवलेला नाही. हे सांगायचं होतं, आणि त्याआधी त्यांच्यासोबत रडायचं होतं. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. तुम्हाला मात्र उपदेशाची घाई!

उद्या सकाळी जाऊन क्षमा मागायची. बोलला त्याने, आणि माना डोलावल्या त्यांनीही. मुलाच्या मृत्यूच्या दाखल्याचं काम अडलंय, दोघांनी महापालिकेत रांगेला उभं राहायचं. आणि रविवारी यिर्मयाचे 27 ते 32 अध्याय वाचून या. न वाचता येईल त्याने पुढे उभं राहून प्रार्थना चालवायची नाही.