नव्या जन्माचा दाखला

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात आमच्या एका विद्वान मित्रांनी धर्मांतरावर लिहिताना एक प्रश्न टाकला आणि भरपूर दाद मिळवली. ख्रिस्ती लोक ज्याला ‘नवा जन्म’ म्हणतात, त्याची नोंद कुठल्या ग्रामपंचायतीत होते? पुढे नेहमीचा हिशेब होता: दुष्काळ, मिशनचे धान्य, शाळा, दवाखाना आणि मग बाप्तिस्मा. माणूस तोच, नाव तेवढे बदललेले. मित्र विवेकवादी आहेत आणि विवेकवाद्याला शोभेल इतक्या ठामपणे एका वाक्यात निकाल देतात. त्यांना उत्तर द्यायचे तेव्हापासून मनात आहे. ते त्यांना आवडणार नाही. ज्यांची मी वकिली करतो आहे असे वाटेल, त्यांनाही आवडेल याची खात्री नाही.

कारण दाखला फक्त विरोधक मागतात असे नाही. संजीवन सभांत उभे राहून साक्ष देणारे बंधू-भगिनीही अमुक तारखेला, अमुक पाळकांच्या प्रार्थनेनंतर आपले तारण झाले, असे सांगतात. तारीख आहे, ठिकाण आहे, साक्षीदार आहेत. ग्रामपंचायत तेवढी नाही. मित्रांचे आणि या मंडळींचे भांडण मग दाखल्याच्या खरेखोटेपणापुरतेच उरते. असा दाखला असू शकतो, यावर दोघांचे एकमत आहे.

ज्या निकदेमापासून ही कल्पना सुरू झाली, त्याच्याकडे कसला दाखला होता? हा प्रतिष्ठित शास्त्री रात्री लपत आला आणि म्हाताऱ्याने आईच्या पोटात परत कसे जायचे, असा वैद्याला विचारायचा प्रश्न येशूला विचारून बसला. उत्तर मिळाले ते वाऱ्याविषयीचे: तो ऐकू येतो, कुठून आला आणि कुठे जातो ते कळत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेमाच्या बाप्तिस्म्याचा उल्लेखच नाही. तो पुढे दोनदा भेटतो. एकदा न्यायसभेत येशूच्या बाजूने एखादे वाक्य बोलून गप्प बसतो. शेवटी शिष्य पांगल्यावर जवळजवळ मणभर सुगंधी द्रव्ये घेऊन येशूच्या प्रेताची व्यवस्था करायला येतो. त्याचा नवा जन्म झाला की नाही, हे शुभवर्तमानकाराने सांगितलेले नाही. मला वाटते, मुद्दामच.

मित्रांच्या सिद्धांताला पंडिता रमाबाई फार गैरसोयीच्या आहेत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. तेव्हा कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली ‘सरस्वती’ ही पदवी त्यांच्याजवळ होती, पुण्यातला आर्य महिला समाज होता, हंटर शिक्षण आयोगापुढची साक्ष देऊन झाली होती. मिशनच्या धान्याची त्यांना गरज नव्हती. धर्मांतराने त्यांचे गेलेच जास्त. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, हे सोडले तर सुशिक्षित पुण्यात त्यांच्यासाठी उभे राहणारे फार थोडे होते.

पण मला त्यांच्या आयुष्यातला पुढचा काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. १९०७ साली लिहिलेल्या इंग्रजी साक्षीत रमाबाई जे कबूल करतात ते त्यांच्या चरित्रकारांनाही थोडे अवघडच जात असावे. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असे त्या म्हणतात. तो मिळाला आठेक वर्षांनी, आणि त्याला निमित्त झाले विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र. हॅस्लमची गोष्ट मोठी गमतीची. १८५१ साली कॉर्नवॉलमधल्या आपल्या चर्चमध्ये उपदेश करता करता या गृहस्थांचे स्वतःचेच परिवर्तन झाले, आणि ‘पाळक पालटला’ म्हणून श्रोत्यांनी एकच गलका केला. त्याआधी अनेक वर्षे ते इतरांना बाप्तिस्मे देत होते! रमाबाईंना हे पुस्तक का भिडले असेल हे सांगायला नको. चर्चच्या वहीत आठ वर्षे त्या ख्रिस्ती होत्या. याच काळात, ११ मार्च १८८९ रोजी, त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. आणि त्यांच्याच हिशेबाने त्यांचा नवा जन्म अजून व्हायचा होता.

मग त्यांना मुळात ओढले कशाने? त्याचेही उत्तर त्या देतात. वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचे काम दाखवले. समाजाने ‘पतित’ ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा दिला जाई. आपल्याकडच्या शास्त्रात अशा बाईला क्षमा नाही, हे शास्त्र मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. इथे त्यांची सेवा करणाऱ्या बायका कोणाचे ऐकून हे करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातला शोमरोनी स्त्रीचा अध्याय त्यांच्यापुढे ठेवला गेला. प्रेम आधी दिसले, बाप्तिस्मा नंतर आला, नवा जन्म त्याहून नंतर.

एवढ्यावर लेख संपवायचा माझा बेत होता. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य भारतातून शेकडो मुली वाचवून केडगावला आणल्या, त्यातून मुक्ती मिशन उभे राहिले, हे सांगायचे आणि ग्रामपंचायतीतली नोंद म्हणून मित्रांच्या हाती ठेवायचे. पण मध्ये आडवी आली रमाबाईंची पत्रे.

महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ती मूळ इंग्रजीत छापली. संपादक होते ए. बी. शहा, म्हणजे इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक. (आमच्या मित्रांनी आपल्याच पंथातल्या या माणसाचे तरी वाचायला हवे होते.) त्यात बरीचशी पत्रे सिस्टर जेराल्डीनशी झालेल्या भांडणाची आहेत. जेराल्डीन वाँटेजच्या मठातली. मनोरमा तिला आजीबाई म्हणे, रमाबाईही. भांडणे त्रैक्यावरून आहेत, चर्चच्या अधिकारावरून आहेत, आणि पुडिंगमधल्या अंड्यावरूनही आहेत. रमाबाई मांसाहार करत नसत. आजीबाईंना त्यात जातीचा जुना ताठा दिसे. क्रूसावरचे शब्द लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, हा रमाबाईंचा प्रश्न आजीबाईंना अहंकाराचा वाटे. चेल्टनहॅमला कॉलेज चालवणाऱ्या डोरोथिया बील यांनी त्यांना शिकवायचे काम देऊ केले, तर त्यांच्या वर्गात पुरुष विद्यार्थी येतील म्हणून मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. आज्ञापालन म्हणजेच प्रेम, अशी जेराल्डीनची समजूत होती. रमाबाईंनी आज्ञा पाळली नाही आणि नातेही तोडले नाही. दोघीही हट्टी, पण ही भांडणाची पत्रे जपून, संगतवार लावून ठेवली ती जेराल्डीननेच.

ही पत्रे वाचल्यावर माझा केडगावचा पुरावा मलाच पुरेनासा झाला. दुष्काळातल्या अनोळखी पोरीला छातीशी धरायला मोठे मन लागते, मान्य. पण ती पोर पुडिंगवरून वाद घालत नाही. आपल्याच वेदीपाशी गुडघे टेकून आपल्याच श्रद्धेवर शंका घेणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षे आजीबाई म्हणत राहायचे, याला काय लागत असेल? योहानाचे पहिले पत्र बोट ठेवते ते नेमके इथे. मरणातून जीवनात आल्याची खूण म्हणून ते दर्शन सांगत नाही, तारीख सांगत नाही, चमत्कारही सांगत नाही. ते बंधुप्रेम सांगते. पेत्राच्या पत्रातही नवा जन्म आणि परस्परांवरची कळकळीची प्रीती यांची जोडी लागोपाठच्या वाक्यांत आहे.

यावर आक्षेप आहे आणि तो हलका नाही. येशूने शत्रूवरही प्रेम करायला सांगितले होते. योहानाने ते आपल्या मंडळीच्या कुंपणात आणून ठेवले, असे अभ्यासक म्हणतात. शिवाय हे पत्र फुटलेल्या मंडळीत जन्मले. प्रेमाचा एवढा घोष करणारा लेखक सोडून गेलेल्यांना ख्रिस्तविरोधी म्हणून मोकळा होतो. मला हे खटकते. तरी मी योहानाची कसोटी सोडणार नाही. शत्रूवर लांबून, एकट्याने, डोळे मिटून प्रेम करता येते. बंधूच्या मात्र शेजारी बसून जेवावे लागते.

जेवणावरून लक्ष्मीबाई टिळक आठवणारच. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, एकत्र आल्यावरही आपले अन्नपाणी निराळे ठेवत. मग त्यांनी एकटीने विचार करकरून जात देवाने केलेली नाही असे ठरवले आणि सोवळे टाकले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. रमाबाईंच्या बरोबर उलटा क्रम! पाळकांच्या वहीत दोघींची नोंद सारखीच दिसेल.

जात न टाकता बाप्तिस्मा घेतला की काय होते, ते पाहायला आता दक्षिणेकडे. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागातल्या कॅथलिक कबरस्तानात एक भिंत आहे: अलीकडे दलित ख्रिस्ती, पलीकडे बाकीचे. सगळ्यांचा बाप्तिस्मा झालेला, सगळे मेलेले. केरळात दलित उपदेशक पोयकयिल योहन्नान यांनी एकामागून एक चर्चे जातीपायी सोडली आणि शेवटी स्वतःची वेगळी सभा काढली. मित्रहो, ‘माणूस तोच’ या तुमच्या वाक्याला याहून चांगला पुरावा नव्हता. तो तुम्ही वापरला नाहीत, कारण त्यासाठी भिंतीच्या अलीकडच्या माणसाकडे बघावे लागले असते.

मात्र सरकारला या नव्या जन्माबद्दल काडीचीही शंका नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की तो अनुसूचित जातीचा राहत नाही. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये सवलत मिळाली, ख्रिस्ती आणि मुसलमान राहिले. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसणारा सूसाई नावाचा एक ख्रिस्ती चर्मकार, हिंदू चर्मकारांना मिळालेली फुकट टपरी आपल्याला का नाही, हे विचारत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितले: धर्मांतरानंतर जात उरते, एवढे दाखवून भागणार नाही; नव्या धर्मातही तिचा जाच तितकाच कठोर आहे, हे सिद्ध करा. टपरी मिळाली नाही.

आरक्षण मागणाऱ्या चर्चच्या नेत्यांना आजही हेच सिद्ध करायचे आहे. २०२२ साली केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नावर नेमला. अशा आयोगापुढे बिशपांनी काय सांगायचे? आमच्यात बंधुप्रेम आहे म्हटले, तर त्यांच्याच गरीब भावांची मागणी फेटाळली जाते. मागणी टिकवायची, तर आमच्या वेदीपाशी आणि आमच्या कबरस्तानात नवा जन्म झालेला नाही, हे शपथेवर सांगावे लागते. माझ्या मते त्यांनी ते सांगावे, भिंतीचे छायाचित्र जोडून सांगावे, आणि पुढच्या संजीवन सभेत साक्षीला उभे राहतील तेव्हा तोच कागद तिथेही वाचून दाखवावा.