रिपोर्ट नॉर्मल, मुंग्या तशाच

फेब्रुवारी 2024मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात प्रसादाच्या भगर-आमटीतून विषबाधा झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरली नाही, बाहेर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या गेल्या. ते फोटो देशभर पोचले. वर्षभरात शेगाव तालुक्यात लोकांना टक्कल पडू लागलं, तेव्हा आयसीएमआरचं पथक गावात आलं. डोळ्यांना दिसणाऱ्या आजारामागे यंत्रणा धावते. पण सहा-आठ महिने अंगात त्राण नाही, हातापायांना मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते, असं सांगणाऱ्या बाईचा फोटो काय काढणार?

तिला ताकदीचं इंजेक्शन मिळतं, एखादी सलाईन मिळते. पुढे जालन्याला नेऊन नसांची तपासणी केली, तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि ‘मनाला लावून घेऊ नका’ हा सल्ला. माझा आक्षेप इथेच आहे. ती तपासणी जाड चेतातंतूंचा वेग मोजते. वेदना, आग, थंड-गरम ही जाणीव वाहणारे बारीक तंतू तिच्या पकडीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी त्वचेचा इवला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. दीर्घ थकव्याच्या काही रुग्णांत हे तंतू विरळ झालेले आढळले आहेत. सगळ्यांत नाही. तरीही नॉर्मल रिपोर्टवरून बाई खोटं बोलते असं ठरत नाही.

आधी बी-12, साखर, थायरॉईड, रक्त पाहायलाच हवं. दूधही जेमतेम असलेल्या शाकाहारी घरांत बी-12ची कमतरता सर्रास असते, मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही ती वाढते, आणि ती वेळीच भरून काढता येते. हे सगळं तपासूनही थकवा उरला, आणि जास्त काम झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस अक्षरशः कोसळत असला, तर क्रॉनिक फटीग सिंड्रोमचा, म्हणजे दीर्घ थकव्याच्या आजाराचा, विचार करावा. श्रमानंतरची ही घसरण 2015च्या अमेरिकी निकषांत अनिवार्य खूण आहे.

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 18 ते 50 वयाच्या 2,494 स्त्रियांची पाहणी केली. ती 2005मध्ये प्रसिद्ध झाली. 12.1 टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा होता. त्याचा संबंध हिमोग्लोबिनशी लागला नाही. कर्ज, उपासमार, नवऱ्याचा जाच यांच्याशी लागला. यातल्या प्रत्येकीला हा सिंड्रोम होता असं नव्हे. पण ‘म्हणजे मनाचंच’ असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. अशी घाई आधीही झाली आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात 1955मध्ये शेकडो कर्मचारी आजारी पडले, त्यांतल्या अनेकांना मुंग्या-बधिरपणाही होता. 1970मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णांना न भेटता, जुन्या नोंदी चाळून त्याला सामूहिक हिस्टेरिया ठरवलं. तो शिक्का पुढे कित्येक रुग्णांना भोवला.

उपचाराचं काय? खात्रीचं औषध नाही. रोज व्यायाम वाढवत न्या, हा सल्ला ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021मध्ये मागे घेतला. आपल्या ताकदीच्या आत राहून काम करावं, असं आता सांगतात. सोयाबीनच्या सोंगणीत हे बीबीच्या मजूर बाईने कसं पाळायचं? रोज बुडाला तर पैसे गेले, आणि घरी आल्यावर चूल आहेच. म्हणून डॉक्टरांनी हे सासू-नवऱ्यासमोर बसून सांगावं, आजार खरा आहे असं कागदावर लिहून द्यावं. आणि एक तपासणी तर बीबीतही होते: रुग्णाला आडवं झोपवून नाडी मोजा, मग दहा मिनिटं उभं ठेवून पुन्हा मोजा. प्रौढ माणसाची नाडी तीस किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब पडला नाही, तर स्वायत्त चेतासंस्थेकडे लक्ष द्यायला हवं. त्याला घड्याळ आणि बीपीचं यंत्र पुरतं.