ओळख आणि तिच्या पलीकडे

बत्तीस शिराळ्यासारख्या गांवांत ज्याचें बालपण गेलें, त्याला ओळखण्याच्या विद्येचें महत्त्व पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. मोरणेकांठच्या शेतांतून अनवाणी हिंडणाऱ्या पोराला बांधावर सळसळ ऐकूं येतांच एका क्षणांत ठरवावें लागे कीं, समोर आहे ती धामण आहे कीं नाग. काळसर अंगावर आडवे पांढरे पट्टे दिसले, तर तो निरुपद्रवी कवड्या कीं मण्यार, हें न ओळखणें म्हणजे जिवाशीं गांठ. घोणस मात्र आपल्या फुत्कारानें स्वतःची ओळख स्वतःच देई. वडीलधारी माणसें ही विद्या मुलांना शिकवीत तीं प्राणिशास्त्राच्या आवडीनें नव्हे, भयानें. परंतु पुढें एक चमत्कार घडे. जें भयापोटीं शिकलों, त्यांतच गोडी वाटूं लागे. फणीवरचा दहाचा आंकडा किती ठसठशीत आहे, धामण किती हात लांब भरेल, यांवर तासन् तास वाद चालत. आणि ज्या पोराची नजर अचूक ठरे, त्याला मोठ्यांच्या बैठकींतही जागा मिळे.

ही जुनी गोष्ट आज आठवण्याचें कारण वरकरणी अगदीं निराळें आहे. आमच्या एका भाच्याला विमानांचें वेड आहे. विमानांत बसण्याचें नव्हे, तीं पाहाण्याचें, आणि पाहून त्यांचीं नांवें सांगण्याचें. हें वेड त्याच्या एकट्याचें नाहीं. विमानांच्या कसरती जेथें होतात तेथें दुर्बीण व वही घेऊन उन्हांत उभे राहाणारे लोक साऱ्या जगांत आहेत, आणि त्यांचा विशेष लोभ जुन्या विमानांवर असतो. पंखांची जोडी एक कीं दोन, ते धडाच्या वर कीं खालीं, एंजिनें किती, चाकें पोटांत जातात कीं लोंबतच राहातात, शेपटीची ठेवण कशी, एवढ्यावरून हे लोक विमानाचें नांव, गांव आणि वय सांगतात. टायगर मॉथ त्याच्या मागें झुकलेल्या दुहेरी पंखांवरून कळावें, डकोटा जमिनीवर उभें असतां नाक आभाळाकडे करून बसतें त्यावरून. आणि हार्वर्ड तर दिसण्याच्या आधींच आपल्या कर्कश पंख्याच्या आवाजावरून.

या छंदाचें मूळ शोधूं गेल्यास तेथेंही आमच्या शिराळ्याच्या बांधावरचेंच भय सांपडतें. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडांतील हजारों सामान्य नागरिक टेकाडांवर बसून आकाश न्याहाळीत, आणि काळ्या छायाकृतींच्या चित्रांवरून आपलें विमान कोणतें व शत्रूचें कोणतें हें पाठ करीत. पाठांतर चुकलें तर काय होतें, याचा धडा युद्धाच्या पहिल्याच आठवड्यांत मिळाला होता. ६ सप्टेंबर १९३९ रोजीं ब्रिटिश स्पिटफायर विमानांनीं आपल्याच दोन हरिकेन विमानांना शत्रू समजून पाडलें व त्यांतला एक वैमानिक ठार झाला. यंत्रें सुधारलीं म्हणून ही चूक थांबली असेंही नाहीं. २७ फेब्रुवारी २०१९ रोजीं काश्मीरांत बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्रानें आपलेंच एम्-आय् १७ हेलिकॉप्टर पाडलें; हवाई दलाचे सहा जवान आणि खालचा एक नागरिक प्राणास मुकले. कवड्याला मण्यार समजण्याचीच ही चूक होय.

भयांतून जन्मलेली विद्या निरागस छंद होऊं शकते काय, हा प्रश्न आम्ही कधीं स्वतःला विचारला नव्हता. तो भाच्यानें विचारला. जानेवारी २०२४ मध्यें मुंबईस मरीन ड्राइव्हवर हवाई दलाचीं प्रात्यक्षिकें झालीं, तेव्हां आम्ही त्याला घेऊन गेलों होतों. सूर्यकिरण पथकाचीं तांबडीं-पांढरीं हॉक विमानें समुद्रावरून आलीं, तसें त्यानें नांव सांगितलें, पूर्वीं हें पथक किरण जातीचीं विमानें उडवीत असे हेंही सांगितलें, आणि आम्ही कौतुकानें त्याच्या पाठीवर थाप मारली. मग तो जरा थांबून म्हणाला, "पण मामा, हीं सगळीं शेवटीं माणसं मारायलाच शिकवतात ना?"

त्या वेळीं आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें. गर्दींत दिलेलीं उत्तरें घरीं येईपर्यंत टिकत नाहींत.

पहिलें समर्थन जें कोणासही सुचेल तें असें कीं, आपण गड-किल्ले पाहातों तेव्हां कोठें लढाईची इच्छा धरतों? आमच्या बाजूचा मनुष्य पन्हाळ्यावर जातो, तटबंदीवरून वारा खातो, तोफेच्या तोंडांत हात घालून पाहातो आणि झुणका-भाकर खाऊन घरीं येतो. शस्त्राचें सौंदर्य पाहाणें म्हणजे हिंसेला रुकार देणें नव्हे. शिवाय विमान ही कांहीं केवळ मारण्याची वस्तू नाहीं. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं डकोटा विमानांनीं शीख पलटणीचे जवान श्रीनगरास उतरविले म्हणून तें शहर वांचलें. त्याच जातीच्या विमानांनीं फाळणीच्या दिवसांत निर्वासितांना वाहून नेलें. एकच यंत्र, भरणारा हात बदलला कीं त्याचें पाप-पुण्य बदलतें.

हें समर्थन खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. पन्हाळ्याची तोफ आतां डागली जात नाहीं. विमानांचा खेळ मात्र पाहाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जीव घेऊं शकतो, आणि घेतो. १९५२ सालीं इंग्लंडांत फार्नबरो येथें आवाजाची मर्यादा ओलांडून आलेलें एक नवें विमान हवेंतच फुटलें. त्याचें एक एंजिन प्रेक्षकांत कोसळलें आणि एकोणतीस प्रेक्षक मेले. २०१५ मध्यें शोरहॅम येथें एक जुनें हंटर विमान गिरकी पुरी न करतां रस्त्यावर आदळलें व अकरा माणसें गेलीं. त्यांतलीं बहुतेक तर खेळ पाहाण्यास तिकीट काढून आलेलींही नव्हतीं, केवळ वाटेनें जात होतीं. २०२२ मध्यें डॅलस येथें महायुद्धकालीन दोन विमानें एकमेकांवर आदळून सहाजण ठार झाले. आपल्याकडे फेब्रुवारी २०१९ मध्यें बंगळूरजवळ येलहंका येथें सूर्यकिरणचींच दोन विमानें सरावांत भिडलीं आणि एक वैमानिक गेला. विमान न पडतांही माणसें मरतात. ६ ऑक्टोबर २०२४ रोजीं मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर डकोटा आणि हार्वर्ड पाहावयास लोटलेल्या अफाट गर्दींत ऊन व तहान यांनीं पांच प्रेक्षकांचा बळी घेतला.

येथें पाहाणाऱ्याची जबाबदारी उभी राहाते. वैमानिक स्वेच्छेनें उडतो, तें त्याचें कर्तव्य किंवा त्याची हौस. पण तो कोणासाठीं उडतो? आमच्यासाठीं. आम्ही टाळ्या वाजविल्या नसत्या तर ती गिरकी जमिनीच्या इतक्या जवळ घेण्याचें कारण काय होतें? "आम्ही केवळ पाहात होतों" हें वाक्य आम्हां शिराळकरांना चांगलें परिचयाचें आहे, आणि म्हणून तें ऐकतांना आमचा कान टवकारतो.

आमच्या गांवची नागपंचमी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें वेगळें सांगणें नको. गोरक्षनाथांच्या नांवाशीं जोडलेली ती परंपरा, पंचमीपूर्वीं काठ्या व मडकीं घेऊन रानोमाळ होणारी नागांची शोधाशोध, अंबामातेचें दर्शन, आणि मग गाड्यांवरून निघणारी जिवंत नागांची मिरवणूक. नाग धरणाऱ्यांचें कौशल्य खरोखर विलक्षण होतें, आणि सण झाल्यावर ते नाग पुन्हा रानांत सोडीत, हेंही खरें. पण ती मिरवणूक दूरदूरच्या गर्दीसाठीं वाढत गेली, स्पर्धा सुरू झाल्या, आणि भक्तीचें रूप तमाशाकडे झुकूं लागलें. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा कागदावर होताच. पुढें प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें आणि त्याच्या आदेशानें जिवंत नागांचें प्रदर्शन थांबलें. त्या वेळीं गांवांत जो संताप झाला, त्यांत आम्हीही मनानें सामील होतों, हें कबूल केलें पाहिजे. आपल्या घरचें कांहीं ओरबाडून नेल्यासारखें वाटलें. नागाला आम्ही देव मानतों, त्याला इजा करीत नाहीं, मग आमचा अपराध काय? उत्तर मिळावयास बराच काळ लागला, आणि तें न्यायालयानें दिलें नाहीं, आठवणीनें दिलें. हजारोंच्या गलक्यांत फणा काढून डोलणारा तो नाग आनंदानें डोलत नसे. तो भ्यालेला असे. आम्ही त्याचा फणा ओळखीत होतों, दहाचा आंकडा ओळखीत होतों, भय मात्र ओळखीत नव्हतों. २०२५ सालीं पारंपरिक ज्ञान व शिक्षण यांसाठीं एकवीस नाग धरण्याची परवानगी केंद्र सरकारनें दिली, तेव्हां गांवाला हर्ष झाला, आम्हांलाही झाला. पण तो पूर्वींसारखा बिनशंक नव्हता.

विमानाला भय नसतें. म्हणून कोणी म्हणेल कीं हा दाखला लंगडा आहे. आहेच. परंतु विमानाच्या पोटांत बसणाऱ्याला जीव असतो, आणि जुनें विमान उडवावें कीं विसांव्यास ठेवावें, या वादांत तो जीव विसरतां येत नाहीं. या बाबतींत आमचें मत एकीकडे पुरतें झुकत नाहीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटांनीं पस मॉथ विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें. बरोबर पन्नास वर्षांनीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं लेपर्ड मॉथमधून तोच प्रवास एकट्यानें पुन्हा केला. त्यांना कोणी "हा धोका कशाला?" असें म्हटलें असतें तर तें आम्हांस क्षुद्रपणाचें वाटलें असतें. त्यांच्या उड्डाणांत प्रेक्षकासाठीं केलेली उलटसुलट गिरकी नव्हती. सरळ वाट होती, आणि ती चालणाऱ्याचीच होती. धोका आपल्या हौसेसाठीं आपण पत्करणें निराळें, आणि दुसऱ्याच्या टाळीसाठीं पत्करणें निराळें, हा भेद आम्हांस त्यांत स्पष्ट दिसतो.

ओळखणाऱ्यानें आणखी एक पथ्य पाळावयास हवें, तें खरेपणाचें. हवाई दलाकडे २०१८ सालीं परत आलेलें 'परशुराम' नांवाचें डकोटा घ्या. त्याच्या अंगावर व्हीपी ९०५ हा १९४७ सालीं काश्मीरांत उतरलेल्या विमानाचा क्रमांक रंगविलेला आहे; पण तें विमान हें नव्हे. हें त्याच्याच जातीचें दुसरें, भंगारांतून सोडवून दुरुस्त केलेलें. त्यानें त्याचें मोल उणें होतें काय? आमच्या मतें नाहीं. श्राद्धाला बसलेला ब्राह्मण म्हणजे कांहीं आजोबा नव्हेत, तरी नमस्कार आजोबांना पोंचतो. मात्र तें कोणतें विमान, हें सांगितलें पाहिजे. शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर विमान उडविलें, ही कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. तिला त्या काळचा विश्वसनीय पुरावा नाहीं. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार तिच्या जोडीला दिला जातो, त्यांतील विमानें उडूं शकत नाहींत, हें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं १९७४ सालीं दाखवून दिलें. अभिमान कितीही गोड असला तरी कवड्याला नाग म्हणून पूजूं नये.

गेल्या दिवाळींत भाच्याला घेऊन आम्ही गोव्यास बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयांत गेलों. एअर इंडियाच्या सेवेंतून निघून पुढें हवाई दल व नौदल यांच्याकडे आलेलें जुनें सुपर कॉन्स्टेलेशन तेथें उभें आहे; खाऱ्या वाऱ्यांत त्याचा रंग उडतो, पावसाचें पाणी झिरपतें. थोड्या अंतरावर सी हॉक आहे. ज्या विक्रांत जहाजावरून हीं विमानें उडत, तें जहाजही २०१४ मध्यें मोडींत गेलें. भाच्यानें नेहमींप्रमाणें वही काढून नांव, एंजिन, क्रमांक टिपले. मग त्यानें विचारलें, "मामा, यानं काय केलं होतं?" आम्हीं सांगितलें कीं, डिसेंबर १९७१ मध्यें या जातीच्या विमानांनीं कॉक्स बाजार आणि चितगांवावर बाँब टाकले, त्या युद्धांतून बांगलादेश स्वतंत्र झाला, आणि बंदरांत माणसें मेलीं. त्यानें पट्टी घेऊन वहीच्या पानावर एक नवा रकाना आंखला. त्याला मथळा काय द्यावा हें त्याला सुचेना, आणि आम्हांलाही सुचलें नाहीं. तो तसाच कोरा ठेवून त्याखालीं त्यानें आम्ही सांगितलेलें सारें लिहून घेतलें, आणि मग आम्ही पुढच्या विमानाकडे गेलों.